सात मिलिसेकंद

२ फेब्रुवारी, रविवार

ढोलकीचा पहिलाच दिवस आणि रेकॉर्डिंग फसलं. घरात कुणाला सांगायचं नाही म्हणून वहीत लिहिते.

शाळेतली संगीत शिक्षिकेची कंत्राटी नोकरी गेल्या महिन्यात सोडली. आठ वर्षं पोरांना तेच स्वागतगीत शिकवून कंटाळले होते. आता नाशिकरोडच्या जेल रोडवरच्या आमच्या घरातली मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. भिंतींवर गोधड्या, खिडकीला उभी केलेली गादी, टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेला लाल डबा. माइकच्या वायरी या डब्यात जातात आणि हेडफोनचा आवाज याच डब्यातून बाहेर येतो.

पहिलं काम भिमाआत्याचं. ती रक्ताची आत्या नाही. पप्पांच्या गावची, सायखेड्याची. भीमगीतांच्या गायन पार्टीत तीस वर्षं ती गायली आणि पप्पांनी ढोलकी वाजवली. तिची स्वतःची सहा गाणी आहेत, शब्द तिचे, चाल तिची. त्यातली दोन आज भलत्याच कुणाच्या नावानं मोबाईलवर वाजतात. १४ एप्रिलच्या जयंतीला ती तिच्या आवाजात, तिच्या नावानं वाजली पाहिजेत. एवढंच मागणं. आणि ढोलकी झुंबरभाऊचीच, ही अट.

झुंबरभाऊ म्हणजे माझे पप्पा. नोकरी केली महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमनची, पण ओळख ढोलकीची. दिवाळीनंतर त्यांनी पार्टी सोडली. बसून बसून गुडघे धरतात म्हणाले.

आज त्यांना हेडफोन लावून बसवलं. भिमाआत्यानं आधी गाऊन ठेवलेलं गाणं कानात, समोर ढोलकी. चार आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"तेजू, माझाच हात मला मागून ऐकू येतोय. कुणीतरी पाठीमागं बसून माझी नक्कल करतंय असं वाटतं."

मी ऐकून बघितलं. खरंच. थाप मारली की कानात ती जरा वेळानं पडते. जरा म्हणजे किती? सेकंदाचा दहावा भाग असेल. पण ढोलकीला तेवढ्यात दोन बोल होतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवनाथ येऊन गेला. शाळेत माझ्या वर्गात होता. नाशिकरोडला स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, जयंतीच्या मिरवणुकीत साउंड त्याचाच असतो.

"तू विंडोजचाच ड्रायव्हर ठेवलायस," तो म्हणाला. "ड्रायव्हर म्हणजे डबा आणि लॅपटॉप यांच्यातला दुभाष्या. हा दुभाष्या सगळ्यांचं ऐकतो, यूट्यूबचं, नोटिफिकेशनचं, मग तुझं. तुला फक्त गाण्याचं ऐकणारा दुभाष्या पाहिजे."

पप्पा दारात उभे होते. त्यांना समजावं म्हणून तो म्हणाला, "काका, आवाज लॅपटॉपमध्ये धो धो जात नाही. हंडा भरतो, मग तो हंडा ओततात. हंडा मोठा असेल तर भरेपर्यंत थांबावं लागतं, तो उशीर. हंड्याऐवजी तांब्या लावला तर उशीर कमी. पण मग तांब्यामागून तांब्या ओतणारा दमतो आणि पाणी सांडतं. सांडलं की आवाजात चरचर येते."

"मग बेताचा तांब्या शोधायचा," पप्पा म्हणाले.

"बरोब्बर. त्या तांब्याला बफर म्हणतात."

पप्पांना हे लगेच पटलं. जन्मभर पाण्याचाच हिशेब केलाय त्यांनी. मला वाटलं, चला, अडचण कळली. आठवड्याचं काम.

९ फेब्रुवारी, रविवार

डब्याच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकला. बफर ५१२ ठेवला तर उशीर जाणवतो. २५६ ला कमी जाणवतो. १२८ ला जवळजवळ नाहीच, पण चरचर सुरू. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. ६४ ला तर नुसता तवाच.

पप्पा दीड तास बसले. २५६ वर वाजवलं. अजून मागून येतंय म्हणाले. उठताना कपातला चहा सांडला, माइकची वायर भिजली. मी ओरडले. ओरडायला नको होतं. ते डावा हात शर्टाला पुसत राहिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस नुसती वाचते आहे. जगभरचे लोक याच दुखण्यावर लिहितात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एक म्हणतो कंपनीचाच ड्रायव्हर ठेवा. दुसरा म्हणतो तो काढा, कुठल्याही कार्डाला चालणारा फुकटचा टाका. तिसरा म्हणतो कॉम्प्युटरच बदला. एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते, काय घ्यायला आले तेच विसरते, परत येते.

आई म्हणाली, "तुझे पप्पा हल्ली हसत नाहीत, बघितलंस का? कुणी जोक केला तरी तोंड तसंच."

मी म्हटलं, कॉम्प्युटरला वैतागलेत. मीही वैतागले आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

भिमाआत्या सायखेड्याहून सकाळच्या बसनं आली. सोबत कोथिंबिरीच्या चार जुड्या. खोलीत शिरली, गोधड्यांनी मढवलेल्या भिंती बघितल्या आणि म्हणाली, "बाळंतिणीची खोली केली का काय गं?"

तिचं चौथं गाणं समोर बसून ऐकलं. तिच्या आईवरचं आहे. रात्रशाळेत पन्नाशीत सही शिकलेल्या बाईवर. "अंगठ्याची शाई धुतली गं माय, बोटात धरली खडूची काडी." फार जलद चालीचं आहे. दु:खाचं गाणं असेल असं वाटतं, पण ती ते उड्या मारत म्हणते. अंगावर काटा आला.

मग म्हणाली, "भाऊ, हेडफोन नको, मशीन नको, आपलं नुसतंच वाजव की माझ्यासंगं."

पप्पांनी वाजवलं. दोन कडव्यांनंतर आत्या थांबली. त्यांच्या हाताकडे बघत म्हणाली, "हात गार पडलेत का तुझे? थंडी हाय अजून."

"मशीनीत उशीर हाय," पप्पा म्हणाले. "त्या उशिराची सवय लागली कानाला. तेजू काढती त्याच्यावर इलाज."

आत्यानं पिशवी उचलली. जाताना माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "लवकर काढ इलाज."

केवढं दडपण आलंय. म्हणजे माझ्या मशीननं त्यांचा साधा हातही बिघडवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फुकटचा ड्रायव्हर टाकून बघितला. पहिल्या दिवशी स्वर्ग, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला डबाच दिसेना. काढला. कंपनीचा परत टाकला, नव्या आवृत्तीचा. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, बॅटरी वाचवायची सेटिंग बंद, व्हायरस शोधणारं बंद. आणि १२८ वर चरचर थांबली! अर्धा तास वाजवत ठेवलं, एक ठिणगी नाही.

धावत पप्पांना बोलवायला गेले. आई सुकट भाजत होती, वासानं गल्ली भरली होती, आणि पप्पा विचारतात, "आज जेवायला काय?" मी म्हटलं, "शेजारच्यांनाही कळलं आज काय आहे ते!" त्यांनी नुसती मान हलवली. लक्षच नसतं.

१२८ वर वाजवलं त्यांनी. "आता बरंय का?"

"बरंय. पण हाय अजून थोडं."

मला रडूच आलं.

२ मार्च, रविवार

चार संथ गाण्यांची ढोलकी झाली. चांगली झाली. पण दोन जलद गाणी, चौथं आणि सहावं, होतच नाहीत. दुसऱ्या कडव्याला गाडी रुळावरून उतरते. घुमारा, डाव्या बाजूचा तो खोल आवाज, गाण्याच्या मागं मागं फरपटतो.

नवनाथला फोन केला. तो म्हणाला, "१२८ वर चरचर नाही ना? मग ड्रायव्हर बरोबर आहे. बाई, आवाज हवेतून जायलासुद्धा वेळ लागतो. मांडवात तीन मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याला ढोलकी नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. सेकंदाचे हजार भाग कर, त्यातले नऊ. आजवर एका तरी पेटीवाल्यानं तक्रार केलीय? तुझ्या डब्याचा उशीर त्याच्याहून कमी असेल."

"मग पप्पांना का जाणवतो?"

तो म्हणाला, "दुसरा पोरगा बघू का वाजवायला? का तयार ठेके वापरतेस? हल्ली सगळे तेच करतात."

मी फोन ठेवला. त्याला काय कळतंय पप्पांचा कान किती तयार आहे ते. नऊ काय, तीनसुद्धा जाणवत असेल त्यांना.

बफर ६४ वर आणायचा. त्यासाठी काय लागेल ते करायचं.

९ मार्च, रविवार

भांडण झालं.

सहाव्या गाण्याला एकविसाव्यांदा थांबले. मी म्हटलं, "पप्पा, नक्की कुठं उशीर वाटतो ते सांगा ना. नुसतं 'हाय थोडं' म्हटल्यावर मी काय करू?"

"तू शिकलीस ना कॉम्प्युटर? मग तू सांग."

"मी रात्रंदिवस तुमच्यासाठीच—"

"माझ्यासाठी नको करू काय. तुझ्या धंद्यासाठी कर."

उठले. चप्पल घालताना डावी निसटली, दोनदा पाय घालावा लागला. मग ती फरफर ओढत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मी खिडकीतली गादी सरकवून बघत होते. इतक्या रागानं चालणारा माणूस हात हलवतो. त्यांचा एकच हात हलत होता.

संध्याकाळी जेवायला आले. 

१५ मार्च, शनिवार

भिमाआत्याचा फोन. "गावात सांगून ठेवलंय मी. जयंतीला माझी गाणी म्हणून. तोंडघशी नको पाडू गं." तीस दिवस राहिले.

ठरवलं, अंदाज पुरे. मोजायचं.

मोजायची पद्धत सोपी आहे आणि ती मी दीड महिना केली नाही, याची लाज वाटते. डब्यातून आवाज जिथून बाहेर येतो तिथली वायर, आवाज जिथून आत जातो तिथं जोडायची. लॅपटॉपमधून 'टक' असा एक आवाज सोडायचा. तो बाहेर जाऊन परत आत येतो. गेलेला टक आणि आलेला टक यांतलं अंतर म्हणजे यंत्राचा पूर्ण उशीर.

सात मिलिसेकंद.

वीस वेळा केलं. वीसही वेळा सात. दोन मीटर पलीकडे बसलेल्या माणसाच्या टाळीइतका. आणि रेकॉर्ड झालेला आवाज लॅपटॉप त्याच हिशेबानं मागं सरकवून जागेवर ठेवतो, तेही तपासलं. बरोबर ठेवतो.

मग पप्पांचं सहावं गाणं उघडलं. ढोलकीच्या दोन्ही पुड्यांना, म्हणजे दोन्ही तोंडांना, वेगळे माइक लावले होते, त्यामुळे उजव्या हाताची एक पट्टी आणि डाव्या हाताची एक. मोठं करून बघितलं. थाप म्हणजे पडद्यावर एक डोंगर, आणि मात्रेची उभी रेघ.

उजव्या हाताचे डोंगर रेघांवर. अगदी रेघांवर, एखाददुसरा तीन-चार मिलिसेकंदांनी इकडेतिकडे. त्रेसष्टाव्या वर्षी असा हात! डाव्याचे रेघेच्या नंतर, उशिरा. पहिल्या कडव्यात तीसनं. दुसऱ्यात पंचेचाळीस, पन्नास. शेवटी सत्तर. आणि उंचीही कमी कमी होत गेलेली.

ड्रायव्हर दोन हातांना वेगवेगळा उशीर लावू शकत नाही.

हे वाक्य लिहून अर्धा तास झाला असेल. नाही, डावा माइक बिघडला असेल. किंवा डावी वायर जिथं जाते ते डब्याचं भोक.

१६ मार्च, रविवार

माइक आणि वायरी अदलाबदल केल्या. पप्पांना म्हटलं, नवीन सेटिंग आहे, एकदा वाजवून द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बसले. मी लॅपटॉपच्या मागं तोंड लपवून बसले होते. आयुष्यात कधी एखादी वस्तू बिघडलेली असावी म्हणून इतकी आस धरली नव्हती. उशीर वायरीबरोबर जाऊ दे. वायर खराब निघू दे.

उशीर वायरीबरोबर गेला नाही. तो डाव्या हातातच राहिला.

"काय म्हणतंय मशीन?" पप्पांनी विचारलं.

"बघते अजून," म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

मी जे करते आहे ते बरोबर आहे की नाही कळत नाही. डाव्या हाताची एकेक थाप उचलून रेघेवर नेऊन ठेवते. माउसनं धरायची, सरकवायची, सोडायची. सहाव्या गाण्यात अशा तीनशे चाळीस थापा आहेत. ज्या दबक्या पडल्यात त्यांना आवाज वाढवून द्यायचा.

कुणाला कळणार नाही. आत्याची गाणी होतील. पप्पांना वाटेल मशीन दुरुस्त झालं.

पण मग त्या हाताचं काय? असं किती दिवस चालू असेल? आईला सांगू? काय सांगू, पडद्यावर डोंगर दिसले म्हणून? थापा सरकवते आहे तोवर हे प्रश्न येत नाहीत, म्हणून सरकवतेच आहे. पाय सारखा हलतोय टेबलाखाली.

२१ मार्च, शुक्रवार

झालेलं गाणं पप्पांना ऐकवलं. हेडफोन नाही, स्पीकरवर. ते खुर्चीत, मी दाराशी.

पहिलं कडवं ऐकलं. दुसरं ऐकलं. हात वर केला, मी थांबवलं.

"हा मी नाय," ते म्हणाले.

"तुम्हीच आहात पप्पा."

"उजवा मी हाय. डावा मी नाय." मग म्हणाले, "तुला दिसलं ना मशीनीत?"

मी मान हलवली. 

मग ते आपणहून बोलू लागले. माझ्याकडे नाही, ढोलकीकडे बघत.

"दीड वर्ष झालं. पहिल्यांदा जाणवलं ते निफाडच्या कार्यक्रमात. मनात घुमारा वाजून जातो, मग हात जातो. वाटलं झोप झाली नसंल. मग बटनं लावताना. मग चप्पल. दिवाळीला पार्टीतल्या पोरांनी एकमेकाकडं बघितलं, तवा सोडली. गुडघ्याचं निमित्त सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंत? दीड महिना मी ड्रायव्हर बदलतेय!"

"पहिल्या दिवशी खरंच मशीनीत उशीर व्हता. तू म्हणलीस, दुरुस्त करता येतो. मला लय बरं वाटलं गं. म्हणलं, मशीनीतच असू दे. तू रोज एक काढायचीस, एक टाकायचीस. तवर ते माझ्यात नव्हतं."

आई कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं काहीतरी आहे. मी विचारलं की तुमचं एकच, गुडघे." आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

मला स्वतःचा इतका राग आलाय. सांडलेला चहा, सुटलेली चप्पल, सगळं डोळ्यांपुढे घडलं. मी वायरी बघत होते.

२७ मार्च, गुरुवार

नाशिकात मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर मिळाला. बाई आहेत, साधारण माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. कुठलंही यंत्र लावलं नाही. पप्पांना म्हणाल्या, "काका, अंगठ्यावर पहिलं बोट आपटा. जितकं मोठं उघडता येईल तितकं, भराभर."

उजवा हात छान चालला. डावा सुरू झाला, आणि पाच-सहा वेळांतच बोटं कमी उघडू लागली, मग रेंगाळली, मग थबकली. पडद्यावर जे बघितलं होतं ते मी टेबलावर बघत होते.

मग चालायला लावलं. मग विचारलं, "वास येतो का?"

"दोन वर्षं नाय," पप्पा म्हणाले. आईनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. मी सुकटीच्या दिवशी काय बोलले होते ते आठवून मान खाली घातली.

पार्किन्सन आहे. सुरुवातीचा. डॉक्टर सरळ बोलल्या. हा बरा होत नाही, पण गोळ्यांनी बराच ताब्यात राहतो, वर्षानुवर्षं. पप्पांनी एकच विचारलं, "ढोलकी?"

"बंद अजिबात करायची नाही. रोज वाजवा. तालावर हालचाल करणं तुम्हाला चांगलंच आहे. पण पहिल्यासारखा वेग येईल असं वचन मी देणार नाही."

रिक्षात पप्पा म्हणाले, "बाई खरं बोलली." रिक्षा बिटको चौकात आली. मग म्हणाले, "भिमाला फोन लाव. मी सांगतो. तू नको सांगू."

फोनवर तिला जे सांगितलं ते मोजून चार वाक्यांत.  मग तिचा आवाज मलाही ऐकू आला, इतकी मोठ्यानं बोलली. "मी दुसऱ्याची ढोलकी घेणार नाय. जयंती पुढच्या वर्षी बी येती."

"येडी का काय तू," पप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षी माझा उजवा बी असाच झाला म्हंजे?"

१ एप्रिल, मंगळवार

गोळ्या सुरू होऊन पाच दिवस. मळमळतं त्यांना. हातात फरक किंचित.

सकाळी पप्पांनी हाक मारली. ढोलकी दोन उशांवर आडवी ठेवलेली. ते उजव्या पुडीपाशी बसले होते. डाव्या पुडीकडे बोट दाखवून म्हणाले, "बस."

"मला येत नाही."

"पेटी वाजवतीस, ताल कळतो. घुमारा शिकायचा. चार आणि सहा, दोनच गाण्यांचा. एक पुडी माझी, एक तुझी."

"एका ढोलकीवर दोघं? कुणी ऐकलंय असं?"

"ऐकणाराला दिसतंय व्हय?"

मनगट पुडीवर दाबून पुढे ढकलायचं, तसा आवाज खोल जातो. लिहायला सोपं. दुपारपर्यंत मनगट सोलवटलं.

५ एप्रिल, शनिवार

आजचं वाजवणं रेकॉर्ड करून मोजलं. मला वाटलं होतं मी मागे पडत असेन. नाही. माझी प्रत्येक थाप रेघेच्या आधी. पंधरा, वीस, एकदा तीस मिलिसेकंद आधी.

पप्पांना दाखवलं. ते पडद्याकडे वाकले. म्हणाले, "मी उशिरा, तू लवकर. बापलेकीत एक तरी जाग्यावर पाहिजे व्हता."

"काय करू मग?"

"काय नको करू. तेच तर. तू थाप मारायला जातीस. माझा उजवा पडू दे, त्यो ऐक, मग तुझा हात आपसूक येईल. धावू नको. गाणं कुठं पळून जात नाय."

दिवसभर हेच. माझा उजव्यावर कान, त्यांची माझ्यावर नजर. कधी कधी डावा हात मांडीवर आपोआप हलायचा त्यांचा, माझ्या थापेच्या मागोमाग. तेव्हा मी पुडीकडे बघायचे.

९ एप्रिल, बुधवार

भिमाआत्या आली. दोघांना एका ढोलकीवर बघून आधी हसली, मग पदर तोंडाला लावला, मग म्हणाली, "चला, रडायला नाय आले मी."

पप्पांनी सांगितलं, कानात काही नको. आत्या समोर बसून गाईल, आपण वाजवायचं, तिघंही एकाच वेळी. मी विरोध केला. एकाच खोलीत माइक ठेवले की गाण्यात ढोलकी शिरते, ढोलकीत गाणं, मग नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही.

"नंतर दुरुस्त करायचं काय ठेवूच नको," पप्पा म्हणाले.

सहावं गाणं तिसऱ्या वेळी झालं. चौथं होईना. नऊ वेळा थांबलो. दोनदा मी पळाले, एकदा आत्या शब्द विसरली, एकदा कुकरची शिट्टी. पप्पांच्या गोळीची वेळ झाली, आईनं दारातून पाणी दाखवलं, त्यांनी नको म्हटलं. मग आत्याच म्हणाली, "गोळी घे भाऊ. मी काय म्हातारी होत नाय तेवढ्यात." अर्धा तास थांबलो. आईनं पोहे दिले.

मग दहाव्या वेळी काय झालं ते नीट लिहिता येत नाही. "बोटात धरली खडूची काडी" म्हणताना आत्यानं पप्पांकडे बघितलं आणि चाल किंचित वाढवली, आणि पप्पांचा उजवा हात तिच्याबरोबर गेला, आणि मी काहीही ठरवलं नाही, माझी थाप तिथंच पडली जिथं जागा होती. शेवटपर्यंत. थांबल्यावरही कुणी हललं नाही. मी रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले. त्यामुळे गाण्यानंतर तीन मिनिटं नुसते श्वास आहेत, आणि मग पप्पांचा आवाज, "हां. हे झालं."

१४ एप्रिल, सोमवार

सहाही गाणी नवनाथला शनिवारीच दिली होती. सायखेड्याला त्याची साउंडची गाडी सकाळपासून लागली. संध्याकाळी निळे झेंडे, गुलाल, पोरं, बाया, सगळा गाव रस्त्यावर. आई आणि मी पप्पांच्या दोन बाजूंना, गर्दीत धक्का लागू नये म्हणून. ते सारखे म्हणत होते, "मी काय पडत नाय, सोडा."

आधी नवनाथनं माइकवर सांगितलं. गाणी लिहिली, चाल दिली, गायली, आपल्याच गावच्या भिमाबाईंनी. तिला पुढे बोलवलं. ती पांढरं पातळ नेसून ताठ उभी होती, हात जोडून.   चौथं गाणं सुरू झालं आणि बाया तिच्याभोवती गोल धरून नाचायला लागल्या. त्यातल्या कितीजणींना ते पाठ होतं.

घुमारा त्या मोठ्या स्पीकरांतून छातीवर येऊन आदळत होता. माझा. मला पळून जावंसं वाटत होतं आणि तिथंच उभं राहावंसंही.

ओझरच्या पार्टीतला एक ढोलकीवाला गर्दीतून वाट काढत आला. पप्पांच्या पायाला हात लावला. कानाशी तोंड नेऊन ओरडला, "झुंबरकाका, पार्टी सोडली म्हणून ऐकलं व्हतं! आन् हे काय! डावा हात काय पडलाय तुमचा! पहिल्यापेक्षा भारी!"

पप्पांनी डावा हात खिशातून काढला. तो थरथरत होता, गोळीची वेळ टळून गेली होती. तो हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"उजवा माझा हाय," ते ओरडून म्हणाले. "डावा माझ्या पोरीचा."

तो माणूस खो खो हसला. त्याला वाटलं, काका गंमत करतायत.